कोणाचाच नसलेला पाय

टेबल पुसायचं म्हणून आत्याने साचा उचलला आणि जमत आलेलं सगळं फिसकटलं.

तोवर ठरल्यासारखंच होतं. रविवारची जेवणं झाली होती. दुकानाची फळी आतून लावलेली होती. दुकानामागच्या ज्या खोलीत हे घर जेवतं, भांडतं आणि जोडे शिवतं, त्या खोलीत सगळे बसले होते. कारखान्याच्या बाई दिवस मावळायच्या आत येणार होत्या आणि खडूने त्यांना 'येते' म्हणायचं, एवढंच बाकी होतं.

आठवडाभर आत्या आणि साहेब एका बाजूला होते, हेच मुळात नवल होतं. साहेब म्हणजे तिचा थोरला भाचा. दुकान सोडून त्याने विम्याच्या कचेरीत नोकरी धरली, त्या दिवसापासून आत्याने त्याला नावाने हाक मारलेली नव्हती. साहेब हे नाव तिनेच ठेवलं आणि ते कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. पण खडूच्या बाबतीत दोघांचं जमलं. खडू म्हणजे त्याची धाकटी बहीण. माप घ्यायचा खडू लहानपणी खाऊन टाकायची म्हणून खडू. आता ती सव्वीस वर्षांची होती, वडिलांच्या शेजारी बसून लाकडाचे साचे कोरायची, आणि रात्रभराच्या प्रवासावरच्या शहरातल्या मोठ्या कारखान्याने तिला बोलावलं होतं.

बोलावलं होतं ते ह्याच साच्यामुळे. साचा म्हणजे लाकडाचा पाय. त्याच्यावर कातडं ताणून बूट शिवतात. ह्या घरात ज्या माणसाचा बूट त्या माणसाच्या पायाचा साचा, अशी रीत. कारखान्याने मात्र तिला सांगितलं होतं, कोणाच्या पायाचा नको, कोणालाही होईल असा बाईमाणसाचा पाय करून द्या. लांबी-रुंदीचे आकडे दिले. तिने करून दिला. त्यावर बूट शिवले, बायकांना घालून चालवून पाहिले, आणि म्हणे एकीलाही तो टोचला नाही. ती हो म्हणेपर्यंत साचा त्यांनी परत पाठवला होता, आणि आता त्यांना ती कायमची हवी होती. स्वतंत्र खोली, राहायला जागा, आणि पगार असा की साहेबाने आकडा दोनदा विचारला आणि मग पाणी प्यायला.

"टेबल राहू दे आत्या, मी पुसते," सूनबाई म्हणाली. ती साहेबाची बायको, दवाखान्यात नर्स होती, रात्रपाळी करून आली होती आणि बसल्या बसल्या पेंगत होती.

"तू झोप. तुझे डोळे बघ, माझ्यापेक्षा वाईट झालेत."

आत्याची नजर आता सुईत दोरा जाईल इतकी राहिली नव्हती. पण बूट शिवणाऱ्याच्या बोटांना डोळ्यांची फार गरज पडत नाही. तिने एका हाताने फडकं फिरवलं, दुसऱ्या हातात साचा धरला, आणि अंगठा सवयीने साच्याच्या कमानीवरून खाली टाचेकडे गेला. मग परत पुढे आला. बोटांच्या टोकापाशी थांबला.

फडकं टेबलावर तसंच राहिलं.

"जायचं नाही," आत्या म्हणाली.

साहेबाला वाटलं, ती मांजराला बोलते आहे.

"खडू, तुला सांगते. तू जायचं नाहीस."

*

साहेब आधी हसला. आत्याची थट्टा असेल असं त्याला वाटलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं.

"आत्या, काल रात्री तू काय म्हणत होतीस? ह्या घरातली एक तरी पोरगी कातड्याच्या वासातून सुटू दे, हे कोण म्हणालं?"

"म्हणाले असेन."

"असेन काय! माझ्यासमोर म्हणालीस."

"तेव्हा म्हणाले. आता नाही म्हणते. बाईमाणसाने मत बदलू नये असा तुमच्या कचेरीत नियम आहे का, साहेब?"

"अहो, आवाज," सूनबाई डोळे मिटूनच म्हणाली. "ओरडून कोणी बरं होत नाही. मी रोज बघते."

साहेबाने आवाज आवरला. कचेरीत लोक त्याचं ऐकून घेत. इथे आलं की त्याचं वय कमी होई. ह्याच टेबलाखाली तो लहानपणी कातड्याचे तुकडे गोळा करत बसायचा. आजही नकळत हाताला एक कतरण लागली होती आणि तो ती बोटांनी चोळत होता. मऊ, वासराचं कातडं. दोन दिवस तेल पाजलेलं. त्याने ती टेबलाखालीच ठेवली, बायकोला दिसू नये म्हणून. का दिसू नये, हे त्याला सांगता आलं नसतं.

खडू खिडकीपाशी स्टुलावर बसून दुसऱ्याच कुठल्या तरी साच्यावर कानस फिरवत होती. खर्र, खर्र, खर्र. सगळ्यांनी तिच्याबद्दल बोलायचं आणि तिने कानस फिरवायची, हे आठवडाभर असंच चाललं होतं.

"तू तरी बोल," साहेब तिला म्हणाला. "तुझं लग्न असल्यासारखी काय बसलीस?"

"लग्न असतं तर जेवण बरं असतं," खडू म्हणाली.

"हे बघ, मी समजू शकतो. इथलं काम तुझं आवडीचं आहे. तिकडचं पगाराचं आहे. सरळ हिशेब आहे. आवड घरी जपता येते. रविवारी ये, दोन साचे कोर, मन भरेल. पण म्हातारपणी आवड औषध आणून देत नाही."

"औषध मी आणते," सूनबाई म्हणाली.

"तू झोप गं!" साहेब वडिलांकडे वळला. "बाबा, तुम्ही सांगा तिला. आवड आवड म्हणतात ते तुम्हाला कळतं. उभा जन्म तुम्ही आवडीचं काम केलंत."

बाबा कोपऱ्यात कातडं कापायच्या रापीला धार लावत होते. त्यांनी रापी उजेडात धरली, पातं पाहिलं.

"मला कुठे आवडतं?" ते म्हणाले.

कानस थांबली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही आवडत. कधीच नाही आवडलं. तुझ्या आजोबांनी बसवलं, बसलो. हात बसला. लोक चांगलं म्हणायला लागले, मग उठायला तोंड राहिलं नाही."

"मग तुम्हाला आवडतं काय?"

बाबांनी खरंच विचार केला. "संध्याकाळी फळी लावायला आवडतं."

सूनबाईला हसू फुटलं. तिने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. साहेब मात्र उभा राहिला.

"मग मला का अडवलंत? मी नोकरी धरली तर महिनाभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत! माझा साचा भिंतीवरून उतरवलात तो दुसऱ्याच दिवशी!"

दाराच्या वर घरच्यांचे साचे टांगलेले असत. ज्याचा पाय वाढायचा थांबला, त्याचा साचा तिथे चढायचा. जो घर किंवा दुकान सोडून गेला, त्याचा उतरायचा आणि तासून कोणा लहान पायाच्या गिऱ्हाइकाचा व्हायचा. चांगलं लाकूड वाया घालवायचं नाही, असं आजोबांचं म्हणणं. साहेबाच्या साच्यावर आता पोस्टमनचे बूट निघत होते. रस्त्यात पोस्टमन भेटला की साहेब आधी त्याच्या पायांकडे बघत असे.

"अडवलं कारण मला वाटलं, तुला इथे आवडतं," बाबा म्हणाले.

"मला आवडतच होतं!"

हे तो बोलून गेला. बोलून झाल्यावर त्याने सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू दुसरंच कोणी बोललं.

सूनबाईचे डोळे आता पूर्ण उघडले होते. "तुम्ही तर म्हणाला होतात, त्या वासाने डोकं दुखतं."

"तेव्हा आपलं लग्न ठरत होतं."

"अरे देवा," आत्या म्हणाली.

"म्हणजे ज्याला आवडत नव्हतं तो बसून राहिला," खडू हळूच म्हणाली, "आणि ज्याला आवडत होतं तो निघून गेला. आणि आत्या, तू?"

"मला कोणी विचारलं होतं? मला आवडतं की नाही ते मलाच ठाऊक नाही. सुई हातात दिली, शिवलं." आत्याने साचा अजून खाली ठेवला नव्हता. "विषय बदलू नका. ही जाणार नाही."

"पण का?" साहेबाचा आवाज चढला, मग बायकोकडे बघून उतरला. "कारण तर दे."

आत्या उठली. टेबलाला वळसा घालून भावासमोर गेली आणि साचा त्याच्या मांडीवर ठेवला.

"तू सांगतोस की मी सांगू?"

बाबांनी साच्याला हात लावला नाही. "तूच सांग, ताई."

"हा तिचा पाय आहे," आत्या म्हणाली.

त्या घरात 'ती' एकच होती. कोणीही विचारलं नाही, कोण.

*

बाबांना ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. साचा अजून धड घासूनही झाला नव्हता. खडूने तो उन्हात ठेवला आणि त्यांना खिडकीतून नुसती कडा दिसली. अंगठ्यापेक्षा दुसरं बोट जरा पुढे. निमुळती टाच. कमान अशी उंच की तिच्याखालून उजेड दिसावा. लग्नाआधी त्यांनी तो पाय स्वतः मापला होता. मापाच्या काळ्या पाटावर ती उभी राहिली आणि म्हणाली, गुदगुल्या होतात, लवकर आटपा. त्यांनी मुद्दाम लवकर आटपलं नाही.

पोरांची आई शिवणकाम करायची. चांगलं करायची. एका वर्षी दूरच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात काम निघालं, पगार चांगला होता, घराला गरज होती. सगळ्यांनी मिळूनच ठरवलं. ह्याच टेबलाशी. आत्या तेव्हाही जा म्हणणाऱ्यांत होती. पहिल्या वर्षी ती सुट्टीला आली, दुसऱ्या वर्षी आली, मग उशिरा आली, मग यायची थांबली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला टोक असतं, तिथून परत फिरता येतं. इथे काहीच झालं नाही. तिला तिकडे आवडायला लागलं, एवढंच.

साचा त्यांनी स्वतः उतरवला. स्वतः तासला. शाळेतल्या बाईंच्या पायाचा केला. दारावरचा तिचा खिळा मात्र राहिला.

आणि खडूचा पाय वाढायचा थांबला तेव्हा ते म्हणाले, अजून वाढतोय. पुढच्या वर्षी म्हणाले, थोडा राहिलाय. पोरगी सव्वीसची झाली तरी वडिलांच्या मते तिचा पाय वाढतच होता. तिला बूट लागले की ती साहेबाचे जुने बूट घालायची, टोकाशी कापूस भरून. गल्लीत लोक हसत. बूट करणाऱ्याची मुलगी, म्हणत, आणि बघा पायात काय आहे. बाबा हसण्यावारी नेत. ज्याचा साचा चढतो त्याचाच उतरतो, हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" खडूने विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू चांगला केला होतास."

हे खरं होतं आणि पुरेसं नव्हतं. पण दुसरं काही त्यांना सुचेना. आपण तिला जा म्हणतो आहोत की राहा म्हणतो आहोत, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. इतकी वर्षं न आवडणाऱ्या कामाला चिकटून राहिलेल्या माणसाने कोणाला राहा म्हणावं? आणि जा म्हणून एकदा पाहिलेलं होतं.

तेवढ्यात दुकानाच्या फळीवर टकटक झाली.

*

कारखान्याच्या बाई अंगाने आडव्या आणि बोलायला सरळ होत्या. आल्या, स्टुलावर बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "घरात काही झालंय का? सगळे उभे आहात."

"आम्ही रविवारी उभेच असतो," सूनबाई म्हणाली.

खडू त्यांच्या समोर बसली. आठवडाभर तिने मनात एक गोष्ट लपवलेली होती आणि ती गोष्ट इतकी लाजिरवाणी होती की भावालाही सांगितली नव्हती. सगळे धरून चालले होते की इथलं काम आवडीचं आणि तिकडचं पगाराचं. पण तो साचा कोरताना तिला जी मजा आली होती, ती इथे कधीच आली नव्हती. कोणी म्हातारा समोर बसून माझी भोवरी सांभाळ म्हणत नव्हता. कोणी घट्ट, कोणी सैल म्हणत नव्हतं. आकडे होते, ते तिसऱ्या दिवशी संपले, आणि मग हात आपणच पुढे गेले. कोणाचाच नाही असा पाय. त्यात तिला मोकळं वाटलं होतं. म्हणजे पगाराचं कामच आवडीचं होतं की काय? मग इतकी वर्षं इथे जे आवडलं, ते काय होतं?

आणि आता आत्या म्हणते, तो पाय कोणाचाच नव्हता असं नाही. तिला आई आठवायची ती टेबलाखालून. वर शिलाई मशीन आणि खाली तिचे दोन पाय, पायपट्टीवर खालीवर, खालीवर. चेहऱ्याच्या आधी पायच आठवायचे. ते तिने कधी कोरायचं म्हणून ठरवलं नव्हतं. मग ती मजा तिची स्वतःची होती, की तेही आतून कोणी तरी करवून घेतलं? डोक्यात नुसता गुंता झाला होता. एक दोरा ओढावा तर दुसरा आवळत होता.

"तिथे पाय येतील का?" तिने विचारलं.

"पाय?" बाईंनी कप खाली ठेवला.

"माणसांचे. मापाला."

"पाय आले की माणसं येतात. माणसं आली की तक्रारी येतात. म्हणून तर आम्हाला साचा लागतो." मग त्यांचा आवाज जरा बदलला. "मीही आधी हाताने शिवायचे. खरं सांगू? पहिलं वर्ष हात काहीतरी शोधत राहतात."

"आणि मग?"

"मग पगार वाढतो," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

"आणि हात?" आत्याने दारातून विचारलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पदर सावरून उठल्या. "तुमच्या ह्या गल्लीत गाडी वळत नाही. टोकापर्यंत जाऊन फिरवून आणावी लागेल. तोवर ठरवा. हो असेल तर साचा गाडीत आणून द्या, त्याच्यावरूनच मशीन पुढचे सगळे साचे काढणार. नाही असेल तर ठेवून घ्या. मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही."

त्या गेल्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"म्हणजे वहिनी," साहेब बायकोला म्हणाला, मग भानावर आला. गोंधळात तो बहिणीच्या तोंडची हाक मारून बसला होता. "म्हणजे अगं, तो पाय दुकानादुकानांत जाणार. कोण कुठल्या बायका आईच्या पायावरचे बूट घालून फिरणार."

"तेच म्हणते मी!" आत्या म्हणाली.

"पण आत्या, तसं बघितलं तर त्यात वाईट काय?"

"तू मघाशी माझ्या विरुद्ध होतास ना?"

"होतो. अजूनही आहे. बहुतेक."

बाबा उठले. भिंतीला टेकवून ठेवलेला मापाचा काळा पाट त्यांनी ओढत खोलीच्या मध्ये आणला. वर्षानुवर्षांच्या खडूची भुकटी त्याच्यावर बसलेली होती.

"उभी राहा," ते खडूला म्हणाले.

"आता?"

"आता. संध्याकाळ झाली आहे. दिवसभर चालून पाय खरा होतो. सकाळचं माप खोटं येतं."

"बाबा, गाडी वळून येईल."

"येऊ दे."

तिने साहेबाचे जुने बूट काढले. कापूस आतच राहिला. ती पाटावर चढली. बाबा गुडघ्यांवर बसले, त्यांचे गुडघे वाजले, आणि त्यांनी तिच्या टाचेपासून रेघ ओढायला सुरुवात केली.

"दोन्ही पायांवर भार दे."

"दिलाय."

"नाही दिलास. हलते आहेस."

ती हलतच होती. आजोबा म्हणायचे, पाटावर उभा राहिलेला माणूस कुठे निघालाय ते त्याच्या भारावरून कळतं. साहेबाला ते आठवलं आणि तो वाकून बघू लागला.

"काय दिसतंय, बाबा?"

"पाय दिसतोय."

रेघ पुरी झाली. खडू पाटावरून उतरली. गुदगुल्या झाल्या होत्या, पण ती बोलली नाही. आत्याने कोणाला न विचारता टेबलावरचा साचा आणला आणि त्या रेघेच्या आत ठेवला.

साचा बसला. आतल्या बाजूने, बाहेरच्या बाजूने, दुसऱ्या बोटाच्या पुढे आलेल्या टोकासकट बसला. जिथे कातड्याला जागा सोडतात तेवढीच जागा चहूकडून राहिली. ह्या घरात वाढलेल्या माणसाला आणखी काही बघायची गरज नव्हती.

सूनबाई सगळ्यांत आधी बोलली. "म्हणजे हा सासूबाईंचा नाही. हिचाच आहे."

"दोघींचा आहे," आत्या म्हणाली, आणि पाटाशेजारीच जमिनीवर बसली.

खडू आपल्या पायांकडे बघत होती. शेकडो लोकांचे पाय तिने हातात घेतले होते, पण वरून, उभ्याने, आपले पाय साच्यासारखे कधी पाहिले नव्हते. तिला हसू येत होतं आणि हसू येतंय ह्याचं रडूही येत होतं.

"कोणाचाच नको म्हणाले होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, जमला."

बाबा अजून गुडघ्यांवरच होते. त्यांनी खडूचा तुकडा खिशात टाकला आणि पाटाकडे बघत म्हणाले, "पाय वाढायचा थांबला."

आत्याने भावाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने ते पहिल्यांदा कबूल केलं होतं.

बाहेर हॉर्न वाजला.

"बाबा, हा देऊ?"

"लाकूड आहे ते. पाय तुझ्याजवळच आहे."

"म्हणजे देऊ की नको?"

"ते मला कळत नाही," बाबा म्हणाले. "मला फक्त एवढंच कळतं की तो चांगला झाला आहे."

पुन्हा हॉर्न वाजला. खडूने साचा उचलला आणि अनवाणीच बाहेर पळाली. फळी जमिनीवर आपटली. आत्या उठू लागली, साहेबाने तिचा हात धरला. सूनबाई खिडकीशी गेली.

"काय करते आहे?" साहेबाने विचारलं.

"गाडीपाशी आहे. बोलताहेत."

"साचा?"

"दिला. नाही, हातातच आहे. काच खाली केली बाईंनी. आता दिला. थांबा, परत घेतला. काहीतरी दाखवते आहे त्यांना, बोटांपाशी."

"पोरगी आहे की कोण!" आत्या म्हणाली. "दे नाहीतर नको देऊ."

"दिला," सूनबाई म्हणाली. "गाडी निघाली."

"हसते आहे का?"

"पाठ आहे इकडे."

खडू आली तेव्हा धापा टाकत होती. दारातच थांबली. सगळ्यांचे चेहरे बघून म्हणाली, "पुढच्या महिन्यात बोलावलंय."

"जाणार म्हणजे," आत्या म्हणाली.

"जाणार. का जाते ते नीट कळलेलं नाही. पगारासाठी जाते असं म्हटलं तर खोटं होईल आणि आवडतं म्हणून जाते असं म्हटलं तरी खात्री नाही. जाऊन बघते."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर बाबांसारखं. संध्याकाळी खोली बंद करायला आवडेल."

आत्याला हसायचं नव्हतं. तरी हसली, आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले. "सुट्टीला येशील," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता, पण प्रश्नासारखा वाटला. खडूने मान हलवली. कित्येक वर्षांपूर्वी ह्याच खोलीत कोणीतरी अशीच मान हलवली होती.

बाबा लाकडांच्या ढिगापाशी गेले होते. एकेक ठोकळा उचलून बोटाने वाजवून बघत होते. एक बाजूला काढला.

"हा कशाला?" साहेबाने विचारलं.

"तिच्या साच्याला. त्या खिळ्यावर टांगायचा आहे."

"पण जाणाऱ्याचा उतरवायचा असतो ना? तुमच्या बापाचा नियम."

"उतरवायला आधी चढवावा लागतो. हिचा चढवलाच नव्हता. आता चढवतो."

"ती गेल्यावर?"

"गेल्यावर."

साहेबाने ठोकळा हातात घेतला. वास घेतला. जुनं, पुरतं वाळलेलं लाकूड होतं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती पुन्हा पेंगायला लागली होती, किंवा पेंगल्याचं दाखवत होती.

"बाबा, मी रविवारी येऊ का? तासायला."

"तुला काय मिळणार त्यात?"

"काही नाही."

"मग ये," बाबा म्हणाले.

आत्या झाडू घेऊन आली. पाटापासून दारापर्यंत खडूच्या भुकटीची पांढरी पावलं उमटली होती. जातानाची आणि येतानाची. जातानाच्या पावलांना टाचा नव्हत्या, नुसती पुढची बोटं होती, दुसरं बोट जरा लांब. येतानाची फिकी होती, पण पूर्ण होती, टाचेसकट.

आत्या झाडू धरून वाकली. मग तशीच उभी राहिली. कुठल्या पावलांपासून सुरुवात करावी, हे तिला ठरवता येईना.